कट्ट्याचा दिवाळी अंक: पानं किती धरायची?

प्रश्न: लेखन कट्ट्यात १४ जण. ए-५ आकाराचा, सेंटर पिनचा (घडीवर मधोमध पिना मारलेला) अंक, १०० प्रती. पानांचं गणित कसं बसवायचं?

उत्तर १: पानं ४ च्या पटीतच, ए-४ कागद दुमडला की चार होतात. ३२ पुरे. प्रत्येकी दोन म्हणजे २८, उरलेल्या चारांत संपादकीय, अनुक्रमणिका. १२ पॉइंटात पानाला साधारण २०० शब्द, म्हणून मर्यादा ४०० सांगा. लोक ६०० पाठवतातच! कापायचं लेखकालाच सांगा. पानं फार वाढवलीत तर अंक फुगतो, नीट मिटत नाही.

उत्तर २: मजकूर युनिकोडमध्येच (फोनवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत) घ्या. जुन्या फाँटातून बदललेल्या फायलीत रफार आणि ऱ्या हमखास बिघडतात, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. मुद्रितं (छापण्याआधी तपासायच्या प्रती) एकमेकांची तपासा. स्वतःची चूक डोळ्याला दिसत नाही.

प्रश्नकर्ता: आणि कवितेच्या लांब ओळी?

उत्तर १: फाँट बारीक करू नका. तुटलेला भाग पुढच्या ओळीत आत सरकवून घ्या, पण आधी कवीला विचारा. छापण्याआधी आठ कागद दुमडून डमी (नमुना अंक) करा, पानांवर आकडे घाला: सर्वांत बाहेरच्या कागदावर १ शेजारी ३२ यायला हवं.