घुसळखांबाचे लाकूड तीन भावंडांसाठी कसे वापरावे?

मलप्रभाकाठ (खानापूर) :

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमचे मातीच्या भिंतींचे जुने घर यंदा उतरवावे लागले. कौले आणि वासे गावातच देऊन टाकले. सागवानी दाराची चौकट, तिच्या दोन फळ्या आणि माजघरातला फणसाचा घुसळखांब एवढे मात्र ठेवून घेतले आहे. खांब सात फूट उंच आणि सहा इंच चौरस आहे. आजीने आणि तिच्यामागून आईने याच खांबाला रवी अडकवून ताक केले. दोरीच्या वेढ्यांनी त्यावर जमिनीपासून दीड फुटावर आणि अडीच फुटांवर असे दोन वण पडले असून, बोट सहज बसेल इतके ते खोल आणि आतून अगदी गुळगुळीत आहेत.

आम्ही तीन भावंडे आहोत : मी खानापुरात, बहीण बेळगावात आणि धाकटा भाऊ कोल्हापुरात. या लाकडाचे काहीतरी प्रत्येकाकडे असावे अशी तिघांचीही इच्छा आहे. ज्या सुतारांना खांब दाखवला त्यांनी तो चिरून तीन टीपॉय करावेत आणि पॉलिश सारखे बसावे म्हणून वण रंध्याने काढून टाकावेत, असे सुचवले. मला ते पटत नाही. परंतु वण राखायचे तर वस्तू कोणती करावी, हेही सुचत नाही. शिवाय वरच्या टोकापासून खाली दोन फूट लांबीचा उभा तडा आहे. आई आता ७४ वर्षांची असून माझ्याकडेच असते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कडीपाट (बेळगाव) :

जुन्या घरांच्या लाकडाचे फर्निचर करणे हेच माझे काम आहे. आठवणीची वस्तू करताना मी आकाराचा विचार नंतर करतो; ती वापरणाऱ्याचा हात कोठे टेकणार, हे आधी ठरवतो. आपण दिलेली मापे वाचून मी थबकलो, कारण बाकाच्या बैठकीची उंची साधारणपणे १७ ते १८ इंच असते आणि बसलेले वयस्कर माणूस उठताना आधाराला हात घालते ती जागा बहुधा अडीच फुटांच्या आसपास येते. खांब न चिरता साडेतीन फुटांवर कापून, उभाच ठेवून बाकाच्या एका टोकाचा पाय केला, तर खालचा वण बैठकीच्या रेषेत येईल आणि वरचा वण आपल्या आईंच्या हाताशी येईल. बैठकीसाठी दाराची सागवानी फळी आहेच.

खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) उभा होता की जमिनीत रोवलेला होता, हे पाहून घ्यावे. बूड कुजले असेल तर जेवढे कापाल तेवढ्याच उंचीचा सागवानी ठोकळा खाली जोडावा, नाहीतर दोन्ही वण खाली सरकतील आणि सगळी मापे चुकतील. देव्हारा मी मुद्दाम सुचवत नाही. ज्या खांबाशी रोज कष्टाचे काम झाले, त्याला कोणीतरी टेकावे, धरावे, असे मला मनापासून वाटते.

रंधा-पटाशी (निपाणी) :

वरील रचना मला पूर्णपणे मान्य आहे. आमच्या घरात सुतारकाम पिढीजात आहे, म्हणून काही गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट म्हणजे खांबावरून चुंबक फिरवून जुने खिळे शोधावेत. एक राहिलेला खिळासुद्धा रंध्याचे पाते खराब करतो. त्यानंतर खांब कोरड्या जमिनीवर कागद पसरून आठवडाभर ठेवावा. कागदावर ताजा पिवळसर भुसा पडला तर आत भुंगा जिवंत आहे असे समजावे आणि उपचार झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फणसाचे लाकूड तासल्यावर पिवळे दिसते आणि काळाने तपकिरी होत जाते. वणांच्या आत जो काळसर रंग आला आहे तो एकदा खरवडला की पुन्हा मिळणार नाही, म्हणून तेथे पॉलिश पेपरही लावू नये. कोरड्या सुती कापडाने पुसून अळशीच्या तेलाचा एक पातळ हात द्यावा. आपल्या भागात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावतात. वाळवीसाठी ते चांगले असले तरी त्याने कातडी भाजते, तेव्हा ते फक्त बुडाला लावावे.

बैठकीची फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. तिला दोन्ही कडांनी सरस आणि स्क्रूने आवळले तर उन्हाळ्यात ती फाटेल. म्हणून स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत. खांबात खाच पाडून फळीचे कुसू (खाचेत बसणारे निमुळते टोक) वणाच्या थोडे खाली बसवावे, खिळा ठोकू नये. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे सरस लावण्यापूर्वी सांधा स्पिरिटने पुसणे आवश्यक आहे.

तडा वरच्या भागात असल्यामुळे बाकात येणारच नाही, पण तो भाग टाकून देऊ नये. जॉर्ज नाकाशिमा हे जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर १९३० च्या दशकात पाँडिचेरीच्या गोलकोंड वसतिगृहाच्या बांधकामावर होते आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही त्यांनी काम केले. ते फळीतला तडा लांबी (पुट्टी) भरून लपवत नसत. फुलपाखराच्या आकाराचा कठीण लाकडाचा तुकडा त्यावर आडवा बसवून तडा आहे तेथेच थोपवत. शिसवीचा असा तुकडा फणसाच्या लाकडावर फार शोभेल.

माजघर (चिकोडी) :

वणांची वाटणी कृपया करू नये. आम्ही आमच्या घराच्या उंबऱ्याचे चार तुकडे केले, प्रत्येकाने आपला तुकडा काचेच्या पेटीत घालून भिंतीवर लावला, आणि आज तो कशाचा आहे हे माझ्या स्वतःच्या मुलाला सांगावे लागते. तो उंबरा आम्ही ओलांडत होतो. भिंतीवर गेल्यावर त्याच्याशी आमचा व्यवहारच संपला. याची मला अजूनही खंत वाटते.

बहीण आणि भावासाठी जेवायला बसायचे पाट करावेत : वरची फळी दाराच्या सागवानाची आणि खालच्या दोन पट्ट्या खांबाच्या वरच्या भागातल्या. सणाला का होईना, त्यावर कोणीतरी बसेल. कोल्हापूरला सुटे लाकूड न पाठवता तयार वस्तूच न्यावी, आणि घर उतरवल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवून वन खात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारून घ्यावे. सागवान घेऊन सीमा ओलांडताना विचारणा होऊ शकते.

मलप्रभाकाठ (खानापूर) :

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. खांब तळखड्यावरच होता. बूड दोन इंच कुजले आहे, तेवढा ठोकळा जोडणार आहोत. भुसा पडलेला नाही. पाटांची कल्पना दोघा भावंडांनी लगेच स्वीकारली.

काल खांब भिंतीला टेकवून उभा केला आणि शेजारी खुर्ची ठेवून आईला बसवले. तिने हात घातला आणि विचारले, की हे खड्डे कशाचे? दोरीचे वेढे खांबाला मागून कवटाळत असल्याने वण मागच्या दोन कोपऱ्यांवर आहेत, आणि ताक करणारी बाई पुढे बसते. इतकी वर्षे तिने ते पाहिलेच नव्हते. बाक करताना खांबाची मागची बाजू बैठकीकडे वळवून घेण्यास मी सुतारांना आजच सांगितले आहे.