सरकार मानेवर बसलं तेव्हा आणि सरकार गायब झालं तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

निवडणुका आल्या की आमच्या घरात एक वाद ठरलेला. सासरे म्हणतात, "बेबंदशाहीपेक्षा हुकूमशहा परवडला." नणंद म्हणते, "तुम्हाला कुणी उचलून नेलं नाही ना, म्हणून." मला मतं नकोत, ती घरात भरपूर आहेत. दोन्हींपैकी एक तरी ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. भीती नेमकी कुणाची वाटायची आणि दाद कुणाकडे मागायची, एवढं सांगितलंत तरी पुरे.

सातारकरीण
१९७६ साली, आणीबाणीत, मी गावात शिक्षिका होते. नसबंदीच्या 'केसेस' आणायचं काम आम्हा मास्तर-बाईंवर आलं. केस नाही तर पगार अडणार, असं तोंडी सांगायचे. लेखी काही नाही. मुख्याध्यापक विस्तार अधिकाऱ्यांना भ्यायचे, ते त्यांच्या साहेबांना. आणि मला कोण भ्यायचं? ज्यांची पोरं माझ्या वर्गात होती ते शेतमजूर. मी गल्लीत शिरले की माणसं मागच्या दाराने रानात जायची. साखळीत माझ्याही खाली कुणीतरी होतं, ही गोष्ट मला आजही टोचते. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. गाड्या वेळेवर धावायच्या म्हणतात. आमच्याकडे एसटी होती, ती तेव्हाही उशिराच यायची.

मिसाबंदीची लेक
त्याच आणीबाणीत बाबांना मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, पहाटे नेलं. पोलीस ओळखीचे होते, चहा पिऊन गेले. कुठे नेलं ते दोन-चार दिवसांत कळलं: येरवडा. म्हणजे पत्ता होता, पत्र जायचं, काटछाट होऊन उत्तर यायचं. आईने वकील गाठला. पण २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितलं, की आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात जाताच येणार नाही. विरोधात गेले ते एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. दार कुठे आहे ते ठाऊक होतं, पण त्याला कुलूप होतं. आई त्यानंतर वकिलाकडे गेली नाही.

मुक्काम पोस्ट दादर
जानेवारी १९९३, मुंबईतली दंगल. समुद्रातून होड्या भरून हत्यारबंद माणसं येणार अशी आवई उठली आणि आमच्या चाळीतली पोरं काठ्या, हॉकी स्टिका घेऊन गच्चीवर. आलं कुणीच नाही. पण त्या रात्री खरी धास्ती आमच्याच पोरांची वाटली. मागच्या गल्लीत एक बेकरीवाला होता, आम्हा सगळ्यांचा उधारीचा. त्याचं दुकान जळताना लोक बघत उभे होते. पोलीस चौकीत फोन लावला तर "गाडी येतेय". आली नाही. कुणी जाळलं? सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाने पुढे डिसेंबर आणि जानेवारी मिळून नऊशे मृत्यू नोंदवले. मिसाबंदीच्या ताई, तुमच्याकडे निदान नाव घ्यायला कुणी होतं.

चिकित्सक
मग २६ जुलै २००५ काय होतं? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस, सरकार कुठेच नाही, आणि लोक रस्त्यावर बिस्किटं वाटत होते.

मुक्काम पोस्ट दादर
अहो, पाण्याला शत्रू नसतो. तुलना नको.

आखातातला
मी दोन्ही एकाच वेळी पाहिलं, म्हणून लिहितो. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. मला वाटलं, आता लष्करी शिस्त येणार. आली ती लूट. मालक पळालेले, शोरूम फुटलेली, आणि फोडणाऱ्यांत गणवेशातलेही होते. एकीकडे फर्मानांवर फर्मानं: कुवेत आता इराकचा प्रांत, गाड्यांच्या नंबरप्लेटा बदला, कुवेती दिनार बाजारात कितीतरी स्वस्त असलेल्या इराकी दिनाराच्या बरोबरीने. एका रात्रीत आमची बचत मातीमोल. दुसरीकडे नाक्यावरच्या शिपायाची लहर हाच कायदा. एकाने पासपोर्ट बघून 'हिंदी, हिंदी' (म्हणजे भारतीय) म्हणत सोडलं, पुढच्याने घड्याळ काढून घेतलं. जुलमी राजवटीत निदान व्यवस्था असते, हा समज माझ्यापुरता तिथेच संपला. पुढे बगदादमार्गे जॉर्डन, वाळवंटातली छावणी आणि अम्मानहून एअर इंडिया. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तसे परत आले.

सातारकरीण
भाऊ, बुडालेल्या पैशांचं काय झालं?

आखातातला
ताई, थोडे मिळाले, बऱ्याच वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला होता. पैसा इराकच्या तेलविक्रीतून वळता व्हायचा. मुंबईत फॉर्म भरला, नोकरीचे कागद जोडले. सद्दामकडे तेल होतं म्हणून वसूल तरी झालं. दादरकर, तुमच्या बेकरीवाल्याला?

मुक्काम पोस्ट दादर
पंचनामा झाला. 'अज्ञात जमाव' असं लिहिलं. तो गावी गेला तो गेलाच. आमची उधारी तशीच राहिली.