कॅजन असण्यातच सगळी गंमत आहे

गोष्टीतल्या सतत लफड्यात अडकणाऱ्या नायिकेबद्दल कोणीतरी म्हटलंय की ती कॅजन, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांतली, नसती तरी चाललं असतं, त्याच राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरातली कुठलीही मुलगी घ्या. मला नाही पटलं. कॅजन मुलूख न्यू ऑर्लिन्स नव्हेच, तो तिथून पश्चिमेला लाफाएत शहराच्या आसपास, बायू म्हणजे संथ ओढे आणि दलदलीचा पट्टा. १७५५ मध्ये इंग्रजांनी अकेडियातून, म्हणजे आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून हाकलायला सुरुवात केलेल्या फ्रेंच लोकांचे हे वंशज, त्यात १९२१ च्या लुइझियानाच्या राज्यघटनेने शाळेत शिकवणं इंग्रजीतच असा नियम केला, मग सरकारवर भरवसा नसलेल्या अशा घरातली पोरगी शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे, न जाता आधी आजीकडेच पळणार ना!

आणि तिकडच्या खेड्यातला मार्डी ग्रा, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या आदल्या दिवशीचा सण, बघा. मुखवटे घालून, काही ठिकाणी घोड्यावरून, घरोघर गम्बोसाठी, म्हणजे तिथल्या घट्ट रश्श्यासाठी, सामान मागत फिरतात आणि सोडलेल्या कोंबडीमागे चिखलातून धावतात. त्या गर्दीत चोरही मुखवट्यात, नायिकाही मुखवट्यात, कोण कोणाला पकडतंय कळत नाही, असा प्रसंग दुसरीकडे कुठे बसणार? बूद्रो आणि थिबोदो या जोडीचे विनोद तर त्यांच्याकडे घरोघरी सांगतात, त्यामुळे तिचं धांदरटपण मला उसनं वाटतच नाही, तिथल्याच मातीतलं वाटतं.