लिबर्टी जिंकली, जिंकला की जिंकलं? डब्ल्यूएनबीएचे संघ, खेळाडू आणि आपले शब्द

रानजाई
अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगवर, म्हणजे डब्ल्यूएनबीएवर, मराठीत एक लेखमाला लिहायला घेतली आहे. खेळ कळतो, पण लिहिताना भाषेपाशी अडायला होतं. २०२४ची अंतिम मालिका घ्या. ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये पाचवा सामना जादा वेळेत गेला आणि न्यूयॉर्क लिबर्टीने मिनेसोटा लिंक्सला ६७-६२ असं हरवलं. लीगच्या पहिल्या मोसमापासून, १९९७पासून, खेळणारा हा संघ. त्याआधी पाच वेळा अंतिम फेरीत जाऊन रिकाम्या हाताने परतलेला. मथळा द्यायला बसले आणि 'अखेर लिबर्टी जिंक...' इथेच हात थांबला. जिंकली, जिंकला, जिंकले की जिंकलं? इंग्रजीत संघाच्या नावाला लिंग नाही, आपल्याला मात्र क्रियापदाचा शेवट ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरी अडचण नावांच्या अर्थाची. फीव्हर, स्काय, ड्रीम, स्टॉर्म ही नावं तशीच ठेवायची की अर्थ सांगायचा? आणि ड्राफ्ट, रुकी, एमव्हीपी (मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर) यांना तुम्ही काय म्हणता?

वाटसरू
लिंगाचा प्रश्न मराठीने निम्मा आधीच सोडवून ठेवलाय. जिंकण्याची बातमी कर्मणी प्रयोगात लिहा. लिबर्टीने सामना जिंकला, लिबर्टीने मालिका जिंकली, लिबर्टीने विजेतेपद पटकावलं. तिन्ही वाक्यांत क्रियापद कर्मामागे जातं आणि लिबर्टीचं लिंग विचारलंच जात नाही. 'लिबर्टीने लिंक्सला हरवलं' यातही तेच.

खरी पंचाईत पराभवात. 'हरणे' हे क्रियापद 'ने' घेत नाही. 'लिबर्टीने सामना हरला' असं कुणी म्हणत नाही, 'लिबर्टी सामना हरली' किंवा 'हरला' असंच म्हणावं लागतं. तिथे ठरवावंच लागेल. माझं मत: मनात 'संघ' हा शब्द धरा आणि सगळीकडे पुल्लिंगी एकवचन ठेवा. लिंक्स हरला, स्टॉर्म बाहेर पडला, एसेस पुढे गेला. एकदा ठरवलं की पन्नास लेखांत गोंधळ होणार नाही.

शब्दखूण
वाटसरू, कर्मणी प्रयोगाचा मुद्दा फार छान. पण सरसकट पुल्लिंगी मला पटत नाही. बोलताना आपण 'संघ' म्हणतो तरी कुठे? 'टीम' म्हणतो, आणि टीम स्त्रीलिंगी. आपल्याकडच्या महिला प्रीमियर लीगबद्दल बोलतानाही घरोघरी 'मुंबई इंडियन्स जिंकली' असंच ऐकू येतं. मुंबई स्त्रीलिंगी, टीमही स्त्रीलिंगी, मग 'जिंकली' आपोआप येतं. 'लिबर्टी'चा शेवट ईकारान्त आहे, तिच्या चिन्हात मशाल आणि न्यूयॉर्क बंदरातली स्वातंत्र्यदेवता. असं असताना 'लिबर्टी हरला' हे कानाला दगडासारखं लागतं.

शिवाय मैदानावर सगळ्या जणी बायका. टेरेसा वेदरस्पूनने १९९९च्या अंतिम मालिकेत ह्यूस्टनविरुद्ध अर्ध्या मैदानावरून शेवटच्या क्षणी चेंडू टाकला आणि बास्केट झाली, त्या प्रसंगाचं वर्णन करताना 'लिबर्टी नाचू लागला' असं लिहायला माझा तरी हात धजणार नाही.

वाटसरू
त्या वाक्यात नाचत होत्या त्या खेळाडू. मग 'लिबर्टीच्या खेळाडू नाचू लागल्या' असं लिहावं. संघ वेगळा, खेळाडू वेगळ्या. 'खेळाडू' हा शब्द उभयलिंगी आहे हे आपलं भाग्य. 'तो खेळाडू' आणि 'ती खेळाडू' दोन्ही चालतं, अनेकवचनात शब्द तोच राहतो आणि क्रियापद सगळं सांगून जातं: खेळाडू आले, खेळाडू आल्या. म्हणून प्रत्येक ओळीत 'महिला खेळाडू' लिहिण्याची गरज नाही. लेखाच्या सुरुवातीला लीग महिलांची आहे हे आलं की पुढे 'विल्सनने', 'तिने', 'खेळाडूंनी' एवढं पुरतं. पुरुषांच्या बातमीत आपण 'पुरुष खेळाडू' कधी लिहितो का?

मोडीवाचक
नावांच्या अर्थाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे एक गोष्ट कळल्याशिवाय भाषांतराचा विचारच करता येत नाही. लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते आणि ते एनबीएच्या, म्हणजे पुरुषांच्या संघांच्या मालकांकडेच होते. त्यामुळे बरीच नावं जोडीने ठेवली गेली. ह्यूस्टनमध्ये पुरुषांचे रॉकेट्स, म्हणून महिलांचे कॉमेट्स. शार्लटला हॉर्नेट्स म्हणजे गांधीलमाश्या, तर महिलांचा संघ स्टिंग, म्हणजे डंख. सॅक्रामेंटोत किंग्ज, तर इकडे मोनार्क्स. 'क्वीन्स' न ठेवता राजा-राणी दोघांनाही लागू पडणारा शब्द निवडला, ही निवड मला आजही आवडते. पुढे वॉशिंग्टनमध्ये विझार्ड्स आणि मिस्टिक्स, ऑर्लँडोत मॅजिक आणि मिरॅकल, मिनेसोटात टिंबरवुल्व्ह्ज आणि लिंक्स.

सगळ्यात अवघड जोडी यूटाची. तिथे पुरुषांचा संघ जॅझ, म्हणून महिलांच्या 'स्टार्झ'च्या स्पेलिंगमध्येही शेवटी दोन झेड घातले. देवनागरीत ती गंमत उतरत नाही, उतरवायचा हट्टही नको.

आता भाषांतर करून पाहा. कॉमेट म्हणजे धूमकेतू. आपल्याकडे धूमकेतू दिसणं अशुभ मानत आले, आणि हा संघ तर १९९७ ते २००० अशी सलग पहिली चार विजेतेपदं घेणारा! सिंथिया कूपर, शेरिल स्वूप्स, टीना थॉम्पसन यांचा. 'ह्यूस्टनचे धूमकेतू' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात जे उमटेल ते तिथल्या प्रेक्षकांच्या मनात कधीच नव्हतं. त्यांना जवळच असलेलं नासाचं केंद्र आणि रॉकेट्सची जोडी आठवत होती.

फिनिक्स मर्क्युरीचंही असंच. पारा म्हणणार की बुध? पुरुषांचा संघ सन्स, त्यामुळे सूर्याजवळचा बुध जास्त जुळतो. पण एक अर्थ निवडला की दुसरा गेला. मूळ शब्दात ग्रह, धातू आणि रोमन देव तिघेही नांदतात. म्हणून नाव तसंच ठेवावं आणि अर्थ सांगण्यासारखा असेल तर लेखात एकदा एका वाक्यात सांगावा.

रानजाई
मोडीवाचक, जोडनावांचा हा धागा लेखात घेते. तुमच्या नियमाने चालले तरी दोन नावांपाशी देवनागरीच घोटाळा करते. एक, कनेक्टिकट सन. 'कनेक्टिकट सन २००३पासून खेळतो' या वाक्यात सन संघाचा की सालाचा? दोन, लिंक्स. रानमांजराच्या जातीतला प्राणी लिंक्स आणि इंटरनेटवरच्या लिंक्स, लिहायला अगदी सारखेच.

मोडीवाचक
सनच्या बाबतीत 'संघ' हा शब्द लगेच जोडा: 'कनेक्टिकट सन हा संघ २००३पासून खेळतो'. मुळात हा ऑर्लँडोचा मिरॅकल. मोहेगन या मूलनिवासी अमेरिकन जमातीने तो विकत घेऊन कनेक्टिकटला नेला. त्यांच्या 'मोहेगन सन' या कॅसिनोवरून नवं नाव आलं, फिनिक्सच्या सन्सशी त्याचा काही संबंध नाही. लिंक्सला 'मिनेसोटा' जोडलं की पुरे. २०११, २०१३, २०१५ आणि २०१७ अशी चार विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, नाव तुमच्या लेखांत वारंवार येणार, वाचक सरावतील.

आणि संघ दुसऱ्या गावी गेला की 'स्थलांतर' म्हणा, 'बंद पडला' म्हणू नका. यूटाचा स्टार्झ २००३मध्ये सॅन अँटोनियोला गेला आणि २०१८मध्ये लास वेगासला, तोच आजचा एसेस. डेट्रॉइटचा शॉक टल्साला गेला, मग डॅलसला जाऊन विंग्ज झाला. कॉमेट्स मात्र खरोखरच बंद पडला, २००८मध्ये. चार विजेतेपदं घेतलेला संघ असा नाहीसा होतो हे वाचकाला कळायला हवं, म्हणून हे दोन शब्द वेगळे ठेवा.

नागपाड्याची_गार्ड
रानजाईताई, तुमच्या ड्राफ्ट-रुकीच्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते. नागपाड्यात कोर्टवर आम्ही पास, ड्रिबल, ले-अप, रिबाउंड, फाऊल, फ्री थ्रो हेच शब्द वापरत वाढलो. 'रिबाउंड'ला कुणी 'उसळता चेंडू' लिहिलं तर खेळणाऱ्या मुलीलाच तो कळणार नाही. हे शब्द राहू द्या. गार्ड, फॉरवर्ड, सेंटर या जागांची नावंही तशीच. 'गार्ड'ला 'रक्षक' केलंत की ती फक्त बचाव करते असं वाटेल, प्रत्यक्षात बहुतेक वेळा चेंडू तिच्याच हातात असतो आणि चढाई तीच रचते.

ड्राफ्टला मात्र दोन्ही बाजूंनी जपा. यंत्राने केलेल्या भाषांतरात 'मसुदा' येतो, तो तर सरळ चूकच. पण आपल्या लोकांची सवयीची चूक वेगळी: आयपीएल आणि प्रो कबड्डीमुळे 'लिलावात घेतलं' असं लिहून जातात. डब्ल्यूएनबीएत लिलाव नसतो. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि नव्या खेळाडूचा पगार ती कितव्या क्रमांकावर निवडली गेली त्यावरून करारात ठरलेला असतो. २०२४मध्ये केटलिन क्लार्कला इंडियाना फीव्हरने पहिल्या क्रमांकावर निवडलं. कॉलेजच्या सामन्यांपासून तिच्यासाठी मैदानं भरत होती. लिलाव असता तर बोली कुठे गेली असती कल्पना करा! पहिल्या वर्षाचा तिचा पगार होता साधारण ७६,५०० डॉलर. 'लिलाव' लिहिलंत तर हा आकडा वाचकाला समजणारच नाही. मी 'ड्राफ्ट' ठेवून पहिल्या वेळी 'निवडफेरी' असं समजावून सांगेन.

पगाराचा विषय निघालाच आहे तर 'व्यावसायिक' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. जुन्या मराठीत 'धंदेवाईक' म्हणत, आता तो शब्द हिणवल्यासारखा वाटतो. 'व्यावसायिक' बरोबर आहे. पण वाचकाला वाटतं की व्यावसायिक म्हणजे या लीगवर सुखाने भागतं. डायना टोरासी, लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारी खेळाडू, २०१५चा अख्खा मोसम खेळली नाही, कारण रशियातल्या तिच्या एकातेरिनबर्गच्या क्लबने विश्रांती घेण्यासाठी तिला डब्ल्यूएनबीएच्या पगाराच्या कितीतरी पट पैसे दिले. वर्षानुवर्षं या खेळाडू उन्हाळ्यात अमेरिकेत आणि हिवाळ्यात युरोपात खेळत राहिल्या, शरीराला उसंत न देता. शब्द 'व्यावसायिक'च वापरा, फक्त त्याच्यामागचे हे कष्टही लिहा.

शिकागोकर
इथे सामने पाहतो, कॉमेंटरी ऐकतो, म्हणून उच्चारांचं सांगतो. स्पेलिंग बघून देवनागरी केली की नावांची वाट लागते.

लास वेगासच्या विल्सनचं पहिलं नाव 'एझा', 'माझा'मधला झ. 'आजा' अजिबात नको, आपल्याकडे आजा म्हणजे आजोबा. चार वेळा, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५मध्ये, एमव्हीपी ठरलेली पहिलीच खेळाडू आहे ती, तिचं नाव तरी नीट लिहिलं जावं. लिबर्टीची सब्रिना 'आयोनेस्कू' नव्हे, 'योनेस्कू', घराणं रोमानियाचं. डायनाचं आडनाव 'टोरासी', जोर 'रा'वर. ओग्वूमिकेचं पहिलं नाव इंग्रजीत दोन एन घेऊन सुरू होतं, पण उच्चार 'नेका'. २०१६ची अंतिम मालिका तिच्याच शेवटच्या बास्केटमुळे लॉस एंजेलिस स्पार्क्सने जिंकली. मिनेसोटाच्या कॉलिअरचं नाव मात्र आपल्याला अगदी घरचं, 'नफीसा'. इंग्रजी स्पेलिंग पाहून लोक नाहक अडखळतात.

एमव्हीपीला 'सर्वात मौल्यवान खेळाडू' असं सर्रास लिहितात. मौल्यवान दागिना असतो. माणूस मोलाचा असतो. 'मोसमातली सर्वात मोलाची खेळाडू' कसं वाटतं? रुकीला 'नवोदित' चांगला शब्द आहे.

शब्दखूण
'मोलाची' फारच छान.

माझा एक आग्रह राहिला. खेळाडूंना 'मुली' म्हणणं. 'अमेरिकेच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं' असं पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी वाचलं. त्या संघात टोरासी बेचाळीस वर्षांची होती, आणि ते तिचं सहावं ऑलिंपिक सुवर्ण. जिव्हाळ्याने आपण 'पोरींनी कमाल केली' म्हणतो, पुरुषांनाही 'पोरांनी मैदान मारलं' म्हणतो, त्यात वावगं काहीच नाही. पण बातमीत पुरुषांचा 'संघ' आणि बायकांच्या 'मुली' असं होतं तेव्हा मला राग येतो. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघातून इतकी वर्षं खेळली, तिच्याबद्दलही 'मुलींचा संघ' असंच लिहिलं जाताना मी पाहिलंय. शाळेच्या स्पर्धेला मुलींचा संघ म्हणा, देशाच्या आणि पगारी लीगच्या संघाला महिला संघ.

एकेरी-आदरार्थीचा प्रश्न मात्र नको काढू या. खेळाच्या बातमीत सचिनही 'त्याने' असतो, तर विल्सनही 'तिने'च बरी.

रानजाई
'मुली'बद्दल पूर्ण सहमत. माझ्यापुरतं असं ठरवते: विजय कर्मणी प्रयोगात. पराभवात, नावाआधी 'संघ' आलेला असेल तर पुल्लिंगी. नुसतं नाव असेल तर कानाला जे रुचेल ते, म्हणून लिबर्टी हरली आणि स्टॉर्म हरला. वाटसरूंना हा दुटप्पीपणा खटकेल, पण बोली मराठी असंच करते आणि मला लेख वाचला जायला हवा आहे.

आता नव्या संघांचं सांगा. गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज २०२५मध्ये आला आणि पहिल्याच मोसमात प्लेऑफला पोचला, असं करणारा पहिला नवा संघ. नॉर्स पुराणातल्या या योद्ध्या स्त्रियांना मराठीत काय म्हणायचं हे विचारत नाही, नाव तसंच ठेवते. पण प्रत्यय लावताना 'व्हॅल्किरीजने' की 'व्हॅल्किरीजनी'? आणि २०२६साठी आलेली नावं, टोरांटो टेम्पो आणि पुन्हा सुरू झालेला पोर्टलंड फायर.

वाटसरू
'लिबर्टी हरली'ला माझी हरकत नाही, नियम एकदा लिहून ठेवा म्हणजे झालं. व्हॅल्किरीजच्या बाबतीत संघ म्हणून 'ने', खेळाडू म्हणून 'नी'. 'व्हॅल्किरीजने प्लेऑफ गाठलं', पण 'व्हॅल्किरीजच्या खेळाडूंनी'. फायरचं सोपं आहे, २००० ते २००२ या काळातही हेच नाव होतं.

टेम्पोचं लिंग मराठीने कधीच ठरवून टाकलंय. गल्लीत माल घेऊन येतो तो टेम्पो, पुल्लिंगी. त्यामुळे 'टोरांटो टेम्पो हरला' यावर कुणी अडणार नाही. अर्थ मात्र पहिल्या लेखातच सांगा: इथे टेम्पो म्हणजे खेळाची लय, चेंडू किती वेगाने या टोकाकडून त्या टोकाला जातो ती गती. नाहीतर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चार चाकं उभी राहतील, आणि अमेरिकेबाहेरचा हा या लीगमधला पहिला संघ आहे ही मोठी बातमी बाजूलाच राहील.