मदत हवी आहे: नव्या गाडीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे, पहिलं सर्व्हिसिंग झालं. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा ‘ही का घेतलीत, ती का नाही’वर जाईल.

कागदावर २२ आहे. ती चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून होते, त्यामुळे तेवढ्याची आशा नाहीच. (ही चाचणी करणाऱ्या एआरएआय संस्थेची टेकडी आमच्या कोथरूडातच, पण तिथलं ॲव्हरेज खाली रस्त्यावर उतरत नाही!) माझा घोळ वेगळा आहे. डिस्प्ले कायम १७.५च्या आसपास दाखवतो. टाकी फुल करून मी काढलेला आकडा मात्र कधी १४.८, तर कधी १७. रस्ता तोच, कोथरूड ते हिंजवडी. आठवड्याला साधारण १८० किमी.

पंपावर टाकी भरून नोझल आपोआप कट झालं की पोरगा विचारतो, “राऊंड फिगर करू ना?” आणि उत्तराआधीच दोन-तीनदा चाप दाबतो. एवढ्याने इतका फरक पडेल? की ई२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) परिणाम? आणि डिस्प्लेवर किती विश्वास ठेवावा?

प्रतिसाद १:
आकडे क्रमाने लावून बघा. कमी आलेल्या आठवड्यानंतर जास्त येतंय का? या खेपेला पाऊण लिटर जास्त गेलं तर आत्ताचं ॲव्हरेज पडतं, आणि पुढच्या फुलला तेवढंच कमी मावल्यामुळे ते उगाच वर जातं. तुमच्या आठवड्याच्या साधारण ११ लिटरच्या हिशोबात पाऊण लिटर म्हणजे जवळजवळ ७ टक्के.
म्हणून आठवड्याचा हिशोब सोडा. एकदा फुल करून किमी लिहून ठेवा, मग हजार किमीपर्यंत पावत्या जमवा, मधे कितीचंही टाका. शेवटी त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या कटला थांबून फुल. सुरुवातीचं फुल सोडून बाकीच्या लिटरांनी भागा. तोच पाऊण लिटर आता सव्वा टक्क्यावर येतो. गळ्यापर्यंत तसंही भरू नये, टाकीत वाफेला जागा लागते.
इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या मानाने ई२० ला सहा-सात टक्के मार बसतो. पण तो दर आठवड्याला सारखाच. चढउताराचं खापर त्याच्यावर नको.

प्रतिसाद २:
डिस्प्ले टाकी मोजत नाही, इंजिनात किती इंधन सोडलं याचा अंदाज बांधतो आणि बहुतेक गाड्यांत थोडं चढवूनच सांगतो. हजार किमीचा आकडा हाती आला की दोन्हींतला फरक काढून ठेवा, पुढे तेवढा वजा करायचा. पंपाचीच शंका असेल तर ५ लिटरचं शिक्क्याचं माप मागा, दाखवावंच लागतं. आणि टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघताय ना?

धागाकर्ता:
क्रम लावला. १४.८ नंतर लगेच १७! आज फुल करून किमी लिहिले, पोराला पहिल्या कटलाच थांबवलं. हवा मात्र ऑफिसमधून येताना, तापलेल्या टायरमध्येच भरत होतो. थंड असताना किती ठेवावी, दारावरच्या स्टिकरप्रमाणेच का?