‘इन्स्पेक्टर सॅटेलाइट’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: कॉसमॉस-२४९९ या रशियन उपग्रहावरचा लेख मराठीत आणताना या शब्दावर अडले आहे. २३ मे २०१४ ला रशियाच्या प्लेसेत्स्क तळावरून रोकॉट अग्निबाणाने दळणवळणाचे तीन रॉदनिक उपग्रह सोडले. सोबतची चौथी वस्तू, म्हणजे हाच कॉसमॉस-२४९९, आधी भंगार म्हणून नोंदली गेली. पुढे हे भंगार आपणहून कक्षा बदलू लागलं आणि नोव्हेंबरात, अग्निबाणाच्या ज्या ब्रीझ-केएम या वरच्या टप्प्याने त्याला वर नेलं त्याच्याच जवळ जाऊन पोचलं. दुसऱ्याचे उपग्रह तपासणारा, दुरुस्ती करणारा, मारेकरी असे सगळे तर्क झाले. मारेकरी नाही, काम शांततेचं आहे, असं रशियन अंतराळ संस्थेचे तेव्हाचे प्रमुख ओस्तापेंको म्हणाले. मी ‘निरीक्षक उपग्रह’ लिहिलं, संपादकांनी ‘टेहळणी उपग्रह’ केलं. टेहळणी उपग्रह खाली जमिनीकडे बघतो ना? हा शेजाऱ्याकडे बघतो!

डोंगरवाट: निरीक्षक नको. आमच्या शाळेत तपासणीला डिपोटीसाहेब यायचे, तेव्हा आठ दिवस आधी वर्ग सारवून घेत. निरीक्षक कळवून येतो, हा न कळवता आला. ‘तपासनीस’ घ्या.

शुद्धमती: त्यातला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. चिटणीस, फडणीस त्याच घरातले. निरीक्षक हा स्वच्छ शब्द हाताशी असताना उसना कशाला?

डोंगरवाट: इतकी शतकं मराठीत राबलेला शब्द उसना कसा? तपासनीस तपासतो, एवढंच ऐकणाऱ्याच्या मनात येतं.

खाडीकाठ: आजीच्या तोंडी ‘पाळत्या’ होता, चोरांसाठी घर हेरून जाणारा.

अनुवादिका: म्हणजे हेतू आधीच ठरवून टाकला. तोच तर कुणाला ठाऊक नाही.

खाडीकाठ: मग ‘पाठराखीण’? रशियनमध्ये उपग्रहाला स्पुत्निक म्हणतात, म्हणजे वाटेचा सोबतीच. तिघांबरोबर चौथी गेली.

शुद्धमती: पाठराखीण नवरीबरोबर मानाने जाते, लपून नाही. कृपया तिला यात ओढू नका.

अनुवादिका: शेवटच्या परिच्छेदातही अडचण आहे. जानेवारी २०२३ मध्ये तो फुटला, १,१६९ किलोमीटर उंचीवर ८५ तुकडे मोजले गेले. ‘अवकाश कचरा’ लिहू?

डोंगरवाट: कचरा झाडून टाकता येतो. तेवढ्या उंचीवर हवा नावालाच, ते तुकडे शतकभर तरी फिरत राहणार. पुण्यात वाडा पाडल्यावर उरतो तो ‘राडारोडा’ म्हणा.

वऱ्हाडकर: राडारोडा विटामातीचा. आमच्याकडे त्याला मलबा म्हणतात, तोही जमिनीवर पडलेला. फुटून उडालेल्याला ‘ठिकऱ्या’च हव्यात.

खाडीकाठ: पण ठिकरी खापराचीच ना? आम्ही फुटक्या कौलाची घासून गोल करायचो, खेळायला. धातूच्या तुकड्याला ठिकरी म्हटलेलं कुणी ऐकलंय का?

वऱ्हाडकर: काचेच्या ठिकऱ्या सगळेच म्हणतात. धातूचं वडिलांना विचारून सांगतो, ते लोहारकाम करायचे.