मदत हवी आहे: मृदसंधारणाची कामं शेतातच कशी तपासावीत?

प्रश्न – शिवारफेरी

शेतकरी गटांसोबत बांधबंदिस्तीची तपासणी करायची आहे. ‘बांध आहे का? हो/नाही’ अशा तक्त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण बांध असूनही माती जातेच. उतार 2 ते 4 टक्के, काही जमीन काळी चिकण, काही हलकी मुरमाड. प्रयोगशाळेविना, शेतकऱ्याला स्वतः मोजता येईल असं काय आहे?

प्रतिसाद – ओघळ

आधी ओघळी मोजा. जोरदार पाऊस झाला की वखर फिरण्याआधी जा, नाहीतर पुरावाच बुजतो. उताराला आडवी 10 मीटर दोरी ताणा. दोरीखालच्या प्रत्येक ओघळीची रुंदी गुणिले खोली सेंटिमीटरमध्ये काढून सगळ्यांची बेरीज करा आणि तिला 1000 ने भागा. उत्तर म्हणजे सरासरी किती सेंटिमीटर थर गेला. उदाहरणार्थ, 10 सेंमी रुंद, 4 सेंमी खोल अशा 5 ओघळी असतील तर बेरीज 200, म्हणजे 2 मिलिमीटर. हेक्टरी 1 मिमी म्हणजे 10 घनमीटर, साधारण 13 टन माती. 2 मिमीचे 26 टन झाले! हा आकडा शेतकऱ्यासमोर, त्याच्याच हातून निघू द्या. ओघळ तळाशी निमुळती असेल तर गुणाकार निम्मा धरा. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजा.

पातळ थराने जाणारी माती यात येत नाही. तिच्या खुणा वेगळ्या: उघडी पडलेली मुळं, वर आलेली खडी, खड्याखाली उभे राहिलेले मातीचे बारीक खुंट.

आच्छादनासाठी तीच दोरी वापरा, दर 20 सेंमीला एक अशा 50 गाठी मारून. ती ओळींना तिरपी टाका. बरोबर गाठीखाली काडीकचरा असेल तरच मोजा. आलेला आकडा दुप्पट केला की टक्के मिळतात. पेरणीच्या वेळी 30 टक्के आच्छादन असलं तरी उघड्या रानाच्या तुलनेत धूप साधारण निम्म्यावर येते. बांध थेंबाचा मार थांबवत नाही, हे पटवून द्याच.

प्रतिसाद – ओळंबा

आता बांध. रेषा नजरेनं आखू नका, ए-फ्रेम वापरा, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची, मधे ओळंबा टांगलेली लाकडी चौकट. ओळंब्याची खूण केल्यावर पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्हींच्या मधोमध खरी पातळी. हे न केल्यास चूक प्रत्येक पावलाला वाढत जाते.

दोन बांधांमधल्या अंतराचं सूत्र: उभं अंतर, म्हणजे दोन बांधांच्या पातळीतला फरक (मीटर) = 0.3 × (उतार टक्के ÷ 3 + 2). उतार 2 टक्के असेल तर 0.8 मीटर, म्हणजे जमिनीवर 40 मीटर.

काळ्या चिकणीत समपातळी (एकाच पातळीवर, ढाळ न देता घातलेले) बांध घालू नका. पाणी तुंबून पीक पिवळं पडतं, उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि पुढच्या पावसात तो तिथेच फुटतो. तिथे ढाळीचे बांध हवेत, 10 मीटरला 2 ते 4 सेंमी ढाळ देऊन. पाणी जिथे सोडायचं तो गवताचा पाट मात्र आधी तयार करा, बांध नंतर.

शिवारफेरी

मुरमाड रानात सगळ्यात वरचाच बांध दरवेळी फुटतो. उंची वाढवावी का?

ओळंबा

नको. वरच्या रानाचं पाणी आत येतंय का ते भर पावसात पाहा. येत असेल तर शेताच्या माथ्यावर चर काढून ते बाजूने पाटात वळवा. मग बांधाच्या माथ्यावर पातळी लावा: सखल जागा, उंदराची बिळं, जुन्या ओघळीवर टाकलेला भराव, फुटतं ते यांपैकी एका ठिकाणी. भराव 15 सेंमीच्या थरांनी ओलवून धुमसा, आणि दबेल हे धरून 10 ते 20 टक्के उंच ठेवा. सांडव्याला (जादा पाणी बाहेर जाण्याच्या जागेला) दगडी पिचिंग करा, म्हणजे दगड घट्ट रचून बसवा, त्याचा माथा बांधापेक्षा खाली हवा. बांधावर वाळ्याची ठोंबं 10-15 सेंमीवर लावा. मध्ये एक जरी मेलं तरी पाणी तिथूनच वाट काढतं, म्हणून नांगी (मेलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा) त्याच पावसाळ्यात भरा.